बातमीतला अनोळखी शब्द: कोकणात नव्याने आलेल्यांसाठी

ठाण्याहून आमच्या दापोली तालुक्यात राहायला आलेलं एक जोडपं. पावसाळ्याचे पहिलेच दिवस. सकाळी वाचनालयात पेपर चाळत बसले होते. बातमी होती, 'कोकणात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पावसाचा इशारा'. नवरा म्हणाला, "तुरळकच आहे गं, जाऊन येऊ हर्णैला मासळी बघायला." टेबलाच्या पलीकडे मी रजिस्टर भरत बसलो होतो. राहवलं नाही. म्हटलं, "अहो, पाऊस तुरळक नाही, ठिकाणं तुरळक आहेत. जिथे पडेल तिथे धो धो पडेल."

ते हसले, पण थांबले. त्या दिवसापासून वहिनी रोज एखादा शब्द घेऊन येतात आणि "तात्या, आज हे काय?" असं विचारतात. त्यांना तोंडी सांगितलेलं इथे ओळीने लिहून काढतोय. मुंबई-पुण्याहून इकडे आलेल्यांना उपयोगी पडेल. इथेच जन्मून बातम्या नुसत्या कानावरून जाऊ देणाऱ्यांनाही पडेल.

पहिली पायरी: सुटा शब्द उचलू नका, अख्खं वाक्य वहीत उतरवा

शंभर पानी वही पुरते. डाव्या पानावर बातमीतलं वाक्य जसंच्या तसं, खाली तारीख. उजवं पान कोरं ठेवा.

सुटा शब्द घेऊन मोबाइलवर शोधायला गेलात की घोटाळा होतो. 'तुरळक' शोधलंत तर विरळ, थोडा असंच मिळणार. हवामान खात्याच्या वाक्यात मात्र तो 'ठिकाणी'ला चिकटून येतो आणि त्याला माप आहे. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी', २६ ते ५० टक्के असेल तर 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ असेल तर 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'. हे झालं पाऊस कुठे याचं माप. किती याचं माप पुढच्या शब्दात, म्हणजे 'अतिमुसळधार'मध्ये आहे. एका वाक्यात दोन मापं, आणि आपण पहिल्यावरूनच दुसऱ्याचा अंदाज बांधून मोकळे होतो.

दुसरी पायरी: शब्द कोणाच्या तोंडचा आहे ते बघा

एकाच दिवसाच्या पेपरात 'गट' हा शब्द तीन ठिकाणी भेटेल. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या बातमीत गट म्हणजे मतदारसंघ (पंचायत समितीचा असेल तर गण). जमिनीच्या जाहीर नोटिशीत गट म्हणजे जमिनीचा तुकडा, त्याचा गट नंबर. आणि राजकारणाच्या पानावर गट म्हणजे काय, ते महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको.

आणखी फसवा शब्द म्हणजे 'एसडीआरएफ'. 'एसडीआरएफची तुकडी चिपळुणात दाखल' असं असेल तर ती माणसं आहेत, राज्य आपत्ती प्रतिसाद दल. 'एसडीआरएफच्या निकषांनुसार मदत' असं असेल तर ते पैसे आहेत, राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. इंग्रजीत दल आणि निधी दोन्हींचं आद्याक्षर एकच, म्हणून हा गोंधळ. एनडीआरएफचंही तसंच, एक राष्ट्रीय दल आणि एक राष्ट्रीय निधी. दोघांचं मूळ २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात. वादळात सुपारीची बाग आडवी झाली आणि बातमीत 'निकष' दिसला, तर बोटी आणि दोर घेऊन येणाऱ्या जवानांची वाट बघू नका, तलाठ्याकडे पंचनाम्याची चौकशी करा.

पंचनामाही दोन प्रकारचा. अपघातानंतर पोलीस करतात तो जागेचा, वादळ-पुरानंतर महसूल खातं करतं तो नुकसानीचा. दोन्हीकडे मुद्दा एकच, पंचांसमक्ष लिहून घेणं. पण दुसरा झाला नाही तर भरपाईचा कागद पुढे सरकत नाही. म्हणून 'पंचनामे सुरू' ही बातमी वाचून स्वस्थ बसू नका, आपल्या वाडीत कधी येणार ते विचारा.

आता 'सदृश'. 'ढगफुटीसदृश पाऊस', 'पूरसदृश स्थिती'. हे शेपूट वार्ताहराला फार सोयीचं आहे. ढगफुटी म्हणजे साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. तो मोजायला तिथे यंत्र हवं. ते नसलं की 'सदृश' जोडायचं, म्हणजे खोटंही नाही आणि मथळाही जोरात. पण तेच शेपूट सरकारच्या कागदावर आलं, उदाहरणार्थ 'दुष्काळसदृश', तर त्यामागे ठरावीक निकष असतात आणि शेतसारा, परीक्षा फी वगैरेंच्या सवलती लागू होतात. वार्ताहराच्या तोंडी तो अलंकार आणि मंत्रालयाच्या तोंडी आदेश.

तिसरी पायरी: शब्द सोलून बघा

नारळ सोलल्याशिवाय आत पाणी आहे की नाही कळत नाही. मराठी बातमीतले अर्धे अवघड शब्द संस्कृत जोडकामाचे असतात, ते जोडावर फोडले की अर्थ सुटतो. भूस्खलन म्हणजे भू आणि स्खलन, जमीन घसरणं. आपण त्याला दरड कोसळणं म्हणतो.

सोलताना चुकायलाही होतं. वहिनींनी आणलेला 'अवजल' हा शब्द त्यातलाच. 'कोयनेचे अवजल कोकणाला मिळावे' अशी बातमी होती. त्यांनी 'अवगुण'वरून अंदाज केला की हे घाण पाणी, सांडपाणी असणार. आणि म्हणाल्या, "असलं पाणी मागताय कशाला?" अंदाज वाईट नव्हता, फक्त इथे 'अव' म्हणजे खाली, अवतरणातला. कोयना धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवून वीज केली जाते. वीज करून झालेलं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठी नदीत येतं आणि पुढे समुद्राला मिळतं. ते अवजल. स्वच्छ, बारमाही आणि बरंचसं न वापरलेलं. चिपळूण-गुहागरकडची मंडळी त्यावर इतकी वर्षं का बोलतात, ते हा एक शब्द कळला की कळतं. मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो, आणि डोंगरापलीकडून आलेलं पाणी दाभोळच्या खाडीतून समुद्रात जातं.

सरकारी कागदांची नावंही सोलून ठेवा. इथे पेपरवालेही घसरतात. 'अध्यादेश' म्हणजे विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना राज्यपालांनी काढलेला कायदाच. अधिवेशन पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप संपतो. 'शासन निर्णय', ज्याला सगळे जीआर म्हणतात, तो एखाद्या खात्याचा लेखी निर्णय. 'परिपत्रक' म्हणजे खात्याने आपल्याच कचेऱ्यांना दिलेली सूचना. 'अधिसूचना' म्हणजे कायद्याने दिलेला अधिकार वापरून राजपत्रात छापलेली घोषणा. साध्या जीआरला 'सरकारचा अध्यादेश' म्हणणारा मथळा महिन्यातून एकदा तरी दिसतो. दिसला की पेन्सिलीने दुरुस्त करतो, वाचनालयाचा पेपर असला तरी.

अधिसूचनेचं वजन बघायचं तर नाणार आठवा. रिफायनरीसाठी २०१७ मध्ये जमिनीची अधिसूचना निघाली आणि २०१९ मध्ये रद्द झाली. मधली दोन वर्षं राजापूर तालुक्यातल्या गावागावांत लोक एकच वाक्य बोलत होते, 'अधिसूचना रद्द करा'. आश्वासन नको, निवेदन नको, तोच कागद रद्द करा. कुठल्या कागदात जोर आहे ते त्यांना बरोबर कळलं होतं. 'प्रारूप' किंवा 'मसुदा अधिसूचना' असेल तर मात्र अजून वेळ आहे. त्यात हरकती व सूचनांसाठी मुदत दिलेली असते, ती तारीख वहीत लाल शाईने लिहा.

चौथी पायरी: आकडा शोधा

इथे जरा रेंगाळतो, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्याचं पोट आणि छप्पर दोन्ही या आकड्यांवर आहे.

पाऊस. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. हे २४ तास सकाळी साडेआठला संपतात. म्हणून सकाळच्या बातमीतला 'गेल्या २४ तासांतला' पाऊस मुख्यतः काल दिवसाचा आणि रात्रीचा असतो. तुम्ही खिडकीतून बघताय तो उद्याच्या आकड्यात येईल.

रंग. पिवळा म्हणजे नजर ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना नुसते मिलिमीटर बघत नाहीत, परिणाम किती होईल तेही बघतात. म्हणून त्याच पावसाला दोन ठिकाणी दोन रंग मिळू शकतात. आणि लाल रंग आला म्हणजे शाळेला सुट्टी, असंही नाही. सुट्टीचा आदेश जिल्हाधिकारी वेगळा काढतात. आमच्या नातवाला हे अजून पटलेलं नाही.

अंदाजात 'कोकण' आणि 'घाटमाथा' वेगळे दिलेले असतात. तुम्ही किनाऱ्यावर राहत असलात तरी घाटमाथ्याची ओळ वाचा. तिथे पडलेला पाऊस नदीने तुमच्याकडेच येतो.

वादळ. 'कमी दाबाचे क्षेत्र' वाचून लगेच पत्रे बांधायला घेऊ नका, पण पेपर घडी करून ठेवूही नका. पायऱ्या अशा: कमी दाबाचं क्षेत्र, मग डिप्रेशन, मग डीप डिप्रेशन, आणि वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला की चक्रीवादळ. तेव्हाच त्याला नाव मिळतं. नावं आधीच ठरलेली असतात, १३ देशांनी प्रत्येकी १३ दिलेली. २०२० साली आलेल्या नव्या यादीतलं पहिलंच नाव होतं 'निसर्ग', बांगलादेशाने दिलेलं, आणि ते आमच्याच वाट्याला आलं. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास जमिनीवर आलं आणि दापोली-मंडणगडच्या बागा झोपवून गेलं. पुढच्या वर्षीचं 'तौक्ते' हे म्यानमारने दिलेलं नाव, अर्थ पाल.

याच दोघांवरून 'लँडफॉल' समजून घ्या. वादळाचं केंद्र समुद्रातून जमिनीवर येणं म्हणजे लँडफॉल. तौक्तेचा लँडफॉल झाला गुजरातेत, १७ मे २०२१ ला. तरी वाटेत त्याने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत छपरं उडवलीच. म्हणून 'लँडफॉल इथे नाही' याचा अर्थ 'इथे काही होणार नाही' असा घेऊ नका.

बावटा. 'बंदरात तीन नंबरचा बावटा' ही ओळ पावसाळ्यात हमखास येते. बावटा म्हणजे बंदरावर लावलेली धोक्याची खूण, एक ते अकरा नंबरची. नव्या माणसाला वाटतं, अकरापैकी तीन, म्हणजे पास होण्याइतकाही धोका नाही. पण हे आकडे परीक्षेचे गुण नाहीत. एक आणि दोन नंबर सांगतात की वादळी हवामान दूर समुद्रात आहे. तीन नंबर सांगतो की आता खुद्द बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे. दहा म्हणजे महाधोका. आणि अकरा तर वेगळीच गोष्ट सांगतो: इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे. आमच्याकडचे एक नाखवा (होडीचे मालक) म्हणतात, "तीन दिसला की आम्ही होडी वर ओढतो, चाराची वाट कोण बघणार?"

नदी. प्रत्येक नदीच्या मोजपट्टीवर दोन खुणा असतात, इशारा पातळी आणि धोका पातळी. खेडच्या जगबुडीला त्या ५ आणि ७ मीटर आहेत. दुसऱ्या नदीचा आकडा याच्याशी ताडून बघू नका, प्रत्येकीची पट्टी वेगळी. आपल्या नदीचे दोन आकडे माहीत करून घेतलेत की 'जगबुडी साडेसहा मीटरवर' हे वाचून हातात किती वेळ आहे ते कळतं. सोबत भरतीची वेळ बघा. पूर आणि भरती एकत्र आली की नदीचं पाणी खाडीत उतरत नाही, मागे तुंबतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती ती 'उधाणाची', अष्टमीच्या सुमाराची लहान ती 'भांगाची'. २२ जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या चिपळूणकराला हे शिकवावं लागत नाही, तो आधी भरतीचं कोष्टक काढतो.

धरण. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. पहिला वाहण्याचा वेग, दुसरा साठ्याचा आकार. एक हिशोब पाठ करून ठेवा: ११,५७४ क्युसेकने पाणी चोवीस तास सोडलं की एक टीएमसी रिकामं होतं. कोयनेत १०५ टीएमसीच्या वर पाणी मावतं, यावरून काय ते समजा.

समुद्र. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, मासेमारीचे नियम राज्याचे. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचे. पर्ससीनच्या (मासळीच्या थव्याला वेढणारं मोठं जाळं) किंवा परराज्यातल्या ट्रॉलरच्या बातमीत नौका 'बाराच्या आत' सापडली की 'बाहेर', यावर सगळं भांडण असतं. 'एलईडी मासेमारी' म्हणजे प्रखर दिव्यांनी मासळी एका जागी गोळा करून ती उपसणं. त्यावर केंद्राची २०१७ पासून बंदी आहे. जुने तांडेल (होडीवरचे म्होरके) मात्र मैलांत बोलत नाहीत, वावात बोलतात. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं, सुमारे सहा फूट, आणि ते पाण्याच्या खोलीचं माप. 'पावसाळी मासेमारी बंदी' १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक नौकांना. वल्ह्याच्या होड्यांना ती लागू नाही. म्हणून जुलैत बाजारात खाडीची ताजी मासळी दिसली तर 'बंदी मोडली' म्हणून कोळणीशी वाद घालू नका. एकाने घातला होता, त्याला पुढे महिनाभर तिने निवडक लहान मासळीच दिली.

जमीन घेणाऱ्यांसाठी दोनच ओळी. 'सीआरझेड' म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, समुद्राच्या बाजूने भरतीरेषेपासून ५०० मीटर आतपर्यंत. ही रेषा नकाशावर आखलेली असते, वाळूवरच्या ओल्या खुणेवरून दलालाने दाखवलेली नव्हे.

पाचवी पायरी: काम कुठवर आलं ते शब्दावरून ओळखा

कोकणी माणसाला ही पायरी वयाबरोबर आपोआप येते. रस्ता, पूल, जेटी, काहीही असो, बातमीतले शब्द ठरावीक क्रमाने येतात. आधी 'घोषणा'. मग 'तत्त्वतः मान्यता', म्हणजे कल्पना आवडली, पैशाचं नंतर बघू. मग 'प्रशासकीय मान्यता', म्हणजे खात्याने खर्च मान्य केला. मग 'तांत्रिक मान्यता', म्हणजे आराखडा आणि अंदाजपत्रक अभियंत्याने तपासलं. मग 'निविदा'. मग 'कार्यारंभ आदेश', ठेकेदाराला काम सुरू करायची चिठ्ठी. 'भूमिपूजन' या रांगेत कुठेही घुसू शकतं, त्यावरून काही ओळखायचं नाही.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम पनवेल-इंदापूर टप्प्यात २०११ साली सुरू झालं. म्हणजे कार्यारंभ आदेशानंतरही एक लांबलचक शब्दसंपदा शिल्लक असते: 'मुदतवाढ', 'नवीन ठेकेदार', 'एक मार्गिका खुली', 'गणपतीपूर्वी खड्डे बुजवणार'. शेवटचं दरवर्षी श्रावणात येतं.

न्यायालयाच्या बातमीतही असंच. 'नोटीस बजावली' म्हणजे फक्त दुसऱ्या बाजूला म्हणणं मांडायला सांगितलं, कोणी हरलं नाही. 'स्थगिती' म्हणजे तात्पुरतं थांबवलं. 'जैसे थे' म्हणजे आज आहे तसंच ठेवा, बांधूही नका आणि पाडूही नका.

सहावी पायरी: ज्याचं काम त्याला विचारा

मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, जीआर सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि पावसाच्या इशाऱ्याचं मूळ पत्रक हवामान खात्याच्या पानावर रोज असतं. बातमी आणि मूळ पत्रक शेजारी ठेवून आठवडाभर वाचलंत तर कुठला पेपर भर घालतो ते तुमचं तुम्हालाच कळेल.

पण बावटा बंदरावर विचारा, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) तलाठ्याला, क्युसेक पाटबंधाऱ्याच्या माणसाला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या अर्थाला मी वहीत जागा देत नाही. एकदा दिली होती. कुठल्याशा 'सुनामी इशाऱ्या'च्या निरोपावरून अख्खी आळी रात्री देवळाच्या चौथऱ्यावर बसली होती, आणि समुद्र खाली भांगाला निवांत पडला होता.

शेवटची पायरी: उजवं पान भरा

आता कोऱ्या ठेवलेल्या पानावर अर्थ लिहा, स्वतःच्या शब्दांत, आणि उदाहरण आपल्या गावातलं द्या. कोशातली ओळ उतरवलीत तर ती आठवड्यात विसराल. लिहून झालं की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. ते "हां, म्हणजे..." असं म्हणून तुमच्यापेक्षा सोपं सांगतील, तेही खाली लिहा. वहिनींच्या वहीतल्या दोन नोंदी त्यांच्या परवानगीने देतो:

'अवजल: वीज करून झालेलं कोयनेचं स्वच्छ पाणी. कोळकेवाडीतून वाशिष्ठीत येतं. (आधी मी घाण पाणी समजले होते.)'

'तुरळक ठिकाणी: चारातल्या एका जागी किंवा त्याहून कमी. ती एक जागा आमची असू शकते. हर्णै उद्या.'